वीसपैकी सतरा

अप्पांचा कान विकायचा तर कंपनीला माझी सही हवी होती.

पत्र रीतसर होतं. 'तरंगिणी ध्वनियंत्रे, कुपवाड' असा मथळा आणि खाली मालक सुकुमार मगदूम यांची थरथरती सही. आपले वडील कै. मधुकर पांचाळ यांची कानछाप आमच्या नव्या अॅम्प्लिफायरमध्ये घालण्याचा विचार आहे, वारस म्हणून आपली संमती आवश्यक आहे, सोबत तपशील जोडला आहे. अप्पांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी पुण्याहून सांगलीला येऊन त्यांचं विश्रामबागेतलं दोन खोल्यांचं घर आवरत होते.

तपशील म्हणजे सात आलेख होते, वर्षाला एक. पहिल्या आलेखातली रेघ त्यांच्या वयाच्या मानानं आश्चर्य वाटावं इतकी सपाट होती. तिसऱ्यापासून ती उजव्या टोकाला खाली वाकायला लागली. पाचव्यात ती मध्यापर्यंत कशीबशी येत होती आणि तिथून कडा उतरावा तशी थेट तळाला जात होती. सातव्यात कडा डावीकडे आणखी सरकला होता.

अप्पांना ऐकू येत नव्हतं, हे मला त्या कागदावरून कळलं.

मी पाचव्या आलेखावरची तारीख पाहिली. नोव्हेंबर होता. मग ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिले, कारण त्याच नोव्हेंबरात, त्याच ओट्यापाशी, मी त्यांना एक गोष्ट विचारली होती.

तेव्हा मी नवऱ्याचं घर सोडून दोन महिने झाले होते. मैत्रिणीकडे राहत होते. दोन दिवसांसाठी सांगलीला आले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचे कप विसळत होते. अप्पांचं कामाचं टेबल स्वयंपाकघराच्या दारातच होतं. ते माझ्याकडे पाठ करून तारांना डाग देत बसले होते, वितळत्या राळेचा तो जळका, गोडसर वास घरभर होता. नळ चालू होता. मी मागे न वळता म्हटलं, "अप्पा, मी इथंच राहायला आले तर चालेल का?"

ते काही बोलले नाहीत. डाग देऊन झाल्यावर मान वर करून म्हणाले, "नळ बंद कर गं. पाणी वाया जातंय."

मी नळ बंद केला आणि त्यांचं उत्तर मिळालं असं समजले. नळाचा आवाज ऐकू येतो, त्या अर्थी माझाही आला असणार. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेले. त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी फोन केला, सणावारी येऊन गेले, पण तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनीही काढला नाही. माझ्या मनात मात्र ते वाक्य एक दिवसही बंद झालं नाही.

आणि आता हा आलेख समोर होता. त्यांनी ऐकून दुर्लक्ष केलं होतं की त्यांना ऐकूच आलं नव्हतं? हा प्रश्न घेऊन माणूस जन्मभर बसून राहतो, कारण ज्याला विचारायचं तो गेलेला असतो. पण मी ज्या वर्षात उभी होते, त्या वर्षी हे मोजून सांगणारं यंत्र कुपवाडला होतं, आणि त्याच्या पोटात अप्पांचा कान होता.

अप्पांचं काम नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

फोनमधून किंवा संगणकातून येणारा आवाजाचा विद्युतप्रवाह दुबळा असतो. चांगला हेडफोन त्याला पेलत नाही. मधे एक छोटी पेटी लावतात, ती त्या प्रवाहाला बळ देते. तो हेडफोन अॅम्प्लिफायर. अशा पेट्या जगात हजारो निघतात आणि आमचीच कशी गोड, आमचीच कशी स्वच्छ, हे प्रत्येक जण सांगतो. अप्पांचं आयुष्य आधी रेडिओदुरुस्तीत गेलं. पुढं मगदूमकाकांनी कारखाना काढल्यावर त्यांचं काम एवढंच राहिलं की दोन पेट्या घ्यायच्या, एकच गाणं दोन्हींतून ऐकायचं आणि फरक आहे का ते सांगायचं.

त्यांची पद्धत साधी होती, पण तिच्यातली एकही पायरी ते गाळत नसत. आधी मीटर लावून दोन्ही पेट्यांचा आवाज जुळवायचा, डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत. "ज्याचा आवाज केसभर मोठा, तो माणसाला मोठा वाटत नाही," ते सांगत, "चांगला वाटतो. तिथंच सगळी दुनिया फसते." मग डोळ्यांआड कुणीतरी पेट्या बदलायच्या आणि अप्पांनी ओळखायचं, वीस वेळा. नुसत्या अंदाजानंही दहा बरोबर येतात. पंधरा किंवा त्याहून जास्त आले, तरच फरक आहे म्हणायचं. नाहीतर वहीत दोन शब्द लिहायचे : फरक नाही.

त्यांच्या वह्यांत हे दोन शब्द पानोपानी होते. एकदा दुबईच्या कुणा हौशी गृहस्थानं घराच्या किमतीची पेटी तपासायला पाठवली. अप्पांनी तीन दिवस ऐकून अभिप्राय धाडला, "फरक नाही. पेटीचं लाकूड सुंदर आहे." गृहस्थ संतापला. मगदूमकाकांनी ते पत्र चौकट करून कारखान्यात लावलं.

दुसऱ्या दिवशी मी कुपवाडला गेले तेव्हा ते पत्र अजून तिथंच होतं.

"आलीस? बस," मगदूमकाका म्हणाले. सत्तरी ओलांडलेले, दोन्ही गुडघे बदललेले, पण रोज कारखान्यात येत. "चहा घे आधी. साखर घालायला सांगितलीय, तुझ्या बापासारखं बिनसाखरेचं नाटक करू नकोस."

"काका, सही करीन. पण त्याआधी मला त्या कानानं एक गोष्ट ऐकायचीय."

"एक काय, शंभर ऐक. शबाना!" त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली. "पांचाळची लेक आलीय गं."

शबाना मुजावर ही कंपनीची अभियंता, मिरजेची. वयानं माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. कानछापेचं यंत्र तिनं बनवलं होतं. अप्पांच्या अंत्यविधीला ती आली होती, पण तेव्हा मी कुणाशीच बोलले नव्हते.

आतल्या खोलीला जाड भिंती होत्या आणि दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. शबानानं मला यंत्र दाखवलं. वहीएवढी करडी पेटी, तिला एक हेडफोन.

"कान नुसता ऐकत नाही, ताई," ती म्हणाली. "कान बोलतोही. आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. आवाज आला की त्या स्वतः हलतात, आणि त्यांच्या हलण्याचा पुसटसा पडसाद उलटा बाहेर येतो. आपल्याला कळत नाही, पण हेडफोनमधल्या माइकला कळतो. कुठल्या सुराला पडसाद आला आणि कुठल्याला नाही, त्यावरून कुठल्या पेशी जिवंत आहेत ते समजतं. तीच कानछाप."

"आणि मग?"

"मग पेटी त्या माणसाला जे कमी ऐकू येतं ते वाढवून देते. हा तिचा सरळ उपयोग. पांचाळकाकांनी कारखान्यातल्या पेट्या ऐकण्यासाठी हीच घरी नेली होती. रोज डोक्याला लावली की ती आधी त्यांचा कान मोजायची. सात वर्षांतला प्रत्येक दिवस हिच्यात आहे." तिनं हेडफोनची वायर सोडवली. "उलटा उपयोग नंतर सुचला. तुमचा कान त्याच्यातून वजा करायचा आणि दुसऱ्याचा घालायचा. म्हणजे तुम्ही त्याच्या कानानं ऐकता."

हा उलटा उपयोग कुठवर गेला होता हे मला वर्तमानपत्रातून माहीत होतं. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात कानछाप पुरावा म्हणून दाखल होत होती. मी हाक मारली तेव्हा तुम्हाला ऐकू आलीच होती, हे बायका नवऱ्यांना आकड्यांत सांगत होत्या. नातवंडं आजीच्या कानानं आजीची गाणी ऐकत होती. आणि एका बाईनं, सासूला खरोखरच काही ऐकू येत नव्हतं हे पंधरा वर्षांनी कळल्यावर, तिच्यापुढं बसून रडून घेतलं होतं. घराघरांत आजवर ज्या गोष्टी ऐकू आल्या न आल्याच्या धुक्यात निभावून गेल्या होत्या, त्यांच्यावरचं धुकं निघत चाललं होतं.

मी शबानाला माझी गोष्ट सांगितली. नळ, कप, वाक्य आणि उत्तर. सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही. मग पिशवीतून ध्वनिमुद्रक काढला. आदल्या संध्याकाळी मी अप्पांच्या खुर्चीवर, त्यांच्या डोक्याच्या उंचीला माइक ठेवून दोन गोष्टी टिपल्या होत्या. नुसता वाहता नळ. आणि नळ बंद करून, ओट्याकडे तोंड करून, त्या दिवशीच्या आवाजात म्हटलेलं ते वाक्य.

"मला अप्पांच्या पद्धतीनं तपासायचंय," मी म्हणाले. "वीस वेळा. कधी नुसता नळ, कधी नळ आणि वाक्य. त्या दिवशीच्या त्यांच्या कानानं. मी ओळखीन."

शबानानं खुर्ची ओढली. "नक्की?"

"नक्की."

"निकाल आवडला नाही तर पुन्हा घ्यायची नाही. काका घेऊ देत नसत."

"मला माहीत आहे."

आधी तिनं मला सवय व्हावी म्हणून एक जुनी ठुमरी लावली, पहिल्या वर्षीच्या कानानं. तंबोऱ्याची झिलई, गायिकेचा मधेच घेतलेला श्वास, तबल्याच्या शाईवरची टिचकी, सगळं होतं. मग काही न सांगता तिनं पाचव्या वर्षीचा कान लावला. गाणं गेलं नाही. ते भिंतीपलीकडं गेलं. सूर होते, पण शब्दांचे काठ वितळले होते. स, श, त, ख असलं काहीच उरलं नव्हतं, नुसते स्वर एकमेकांना चिकटून वाहत होते. तबला पोत्यावर वाजत होता.

"हे असं?" मी विचारलं.

"असं."

रविवारचे माझे फोन मला आठवले. मी सलग बोलत असे, ऑफिस, पाणी, घरमालक. ते हं हं करत. मला वाटे, लक्ष नाही.

चाचणी सुरू झाली. माझ्या हातात दोन बटणं होती. हिरवं म्हणजे वाक्य आहे, लाल म्हणजे नुसता नळ. डोळे मिटले. नळ वाहू लागला, जाड, बोथट, पाणी नसून वाळू पडते आहे असा. पहिल्या खेपेला काही नाही. लाल. दुसऱ्या खेपेला त्या वाळूखाली काहीतरी हललं. शब्द नव्हते, पण एक बाई काहीतरी विचारते आहे एवढं कळत होतं, शेवटी आवाज वर जात होता. हिरवं. मी स्वतःला ओळखलं. मला ते ऐकू यायला नको होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, लपून राहा, पाण्याखाली राहा. पण ते वाक्य पुन्हा पुन्हा डोकं वर काढत होतं आणि माझं बोट हिरव्यावर जात होतं, कारण खोटं बटण दाबणं मला जमणार नव्हतं.

शबानानं हेडफोन उतरवून घेतला. पडदा माझ्याकडे वळवला.

वीसपैकी सतरा.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हाला काय ऐकायचं ते माहीत होतं. काकांना माहीत नव्हतं. ते कामात होते."

"सतरा म्हणजे सतरा."

"पण शब्द तर—"

"शब्द कळले नसते, तरी कुणीतरी काहीतरी विचारलं एवढं कळलं असतं. मग माणूस वळून काय म्हणालीस असं विचारतो. ते नळाबद्दल बोलले." माझा आवाज मलाच परका वाटला. "त्यांना मी यायला नको होते. ठीक आहे. कुठं सही करायची?"

शबाना उठली नाही. टेबलावरच्या वायरची गुंडाळी करत राहिली. मग म्हणाली, "सोमवारी तुम्हाला त्यांचे मेसेज यायचे ना?"

यायचे. रविवारी मी काही विचारलं असेल तर त्याचं उत्तर सोमवारी सकाळी लेखी यायचं. गॅसचं पुस्तक कपाटात वरच्या कप्प्यात आहे. दाढ दुखते तर लवंग धर, पण दाखवून ये. तुझ्या साहेबाला मी असतो तर असं सांगितलं असतं. मला ते विचित्र वाटे. फोनवर बोलायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयीन उत्तर द्यायचं.

"ते तुमचे फोन टिपून ठेवायचे," शबाना म्हणाली. "फोन झाला की ही पेटी लावायची, सरळ उपयोगाची, आणि सगळं पुन्हा ऐकायचं. दोन-दोन, तीन-तीनदा. फोनवर त्यांना काही कळत नव्हतं. मी म्हटलं, काका, ताईंना सांगा ना सरळ. म्हणाले, सांगू नकोस. ऐकू येत नाही म्हटलं की ती नोकरी सोडून इथं येऊन बसेल. आत्ताच कुठं एका घरातून सुटलीय, दुसऱ्या घरात म्हाताऱ्याच्या सेवेला नको."

मी पडद्यावरचा सतराचा आकडा पुन्हा पाहिला.

"म्हणून मला हा सतरा पटत नाही," ती म्हणाली. "जे त्यांच्या कानावर पडलं, त्याचं उत्तर दिल्याशिवाय तो माणूस राहत नव्हता. काहीतरी चुकलंय. तुम्ही हे वाक्य टिपलंत, ते त्या दिवशी जेवढ्या आवाजात बोलला होतात तेवढ्याच आवाजात?"

"हो."

"कशावरून?"

मधुकर पांचाळांच्या मुलीनं आवाज न जुळवता चाचणी घेतली होती.

"आठवणीवरून," मी म्हणाले.

"आठवण मीटर नाही, ताई." हे ती अप्पांच्या सुरात म्हणाली, आणि तिच्याही ते लक्षात आलं. ती पडद्याकडे वळली. "काका ही पेटी कधी बंद करायचे का?"

"कधीच नाही. तापलेली राहिली पाहिजे म्हणायचे."

"ती जुन्या पेट्यांची सवय. हिला गरज नव्हती, पण ऐकतील तर शपथ. म्हणजे त्या दुपारी ही टेबलावर चालू होती. खोलीत गोंगाट किती आहे ते पाहायला हिला बाहेरच्या बाजूनं एक माइक आहे. तो बोलणं साठवत नाही. दर दहा सेकंदांतला सर्वांत मोठा आवाज किती डेसिबल होता, तेवढा आकडा ठेवतो." तिनं हात कळफलकावर ठेवला. "पाहायचा?"

पाहू नये असं मला वाटलं. पण अप्पांनी पाहिला असता.

तिनं ती तारीख काढली. आकड्यांचा एक उभा स्तंभ आला, आणि ती दुपार त्यात होती. एकतीस, एकतीस, एकतीस. ही त्या घराची शांतता. मग एकोणसाठ, साठ, सत्तर, एकसष्ट, साठ. शबानानं माझ्याकडे पाहिलं.

"मी बोलतेय," मी म्हणाले. "एसटीत शेवटच्या बाकावर जागा मिळाली, कंबर मोडली, असं सांगत होते. ते हसले होते."

मधला सत्तर म्हणजे ते हसणं असावं. मग चौपन्न. नळ सुरू झाला. चौपन्न, चौपन्न पॉइंट एक, चौपन्न. असे अकरा आकडे होते. बाराव्या जागी सहासष्ट.

"नळ बंद कर गं," मी म्हणाले.

"हं. आणि मग पुन्हा एकतीस." शबाना पेन्सिलीनं कागदावर हिशेब मांडू लागली, पण तिनं आधीच तो मनात केला होता हे दिसत होतं. "तुमचं कालचं वाक्य खुर्चीपाशी एक्कावन्न भरतं. नळावर ते पडलं असतं तर आकडा छप्पन्नाच्या जवळ जायला हवा होता. या अकरांत एकही तसा नाही. चौपन्न पॉइंट एकच्या वर काही गेलेलं नाही. म्हणजे त्या दिवशी तुमचा आवाज..." तिनं पेन्सिल ठेवली. "अडतीसच्या वर नव्हता. फार तर."

"अडतीस म्हणजे?"

"कुजबुज. स्वतःशी केलेली."

तिनं वाक्य अडतीसवर आणलं आणि चाचणी पुन्हा लावली. ही दुसरी संधी नव्हती, पहिली चाचणी धरलीच नव्हती. पाचव्या वर्षीच्या कानानं मला वीसपैकी नऊ आले. मग तिनं न विचारता पहिल्या वर्षीचा कान लावला, तो सपाट, निरोगी कान. दहा आले. शेवटी सगळं काढून टाकून माझा स्वतःचा कान ठेवला. मला माझंच वाक्य ऐकू आलं नाही. बारा.

मी तिथं दोन शक्यता घेऊन आले होते. त्यांनी ऐकलं असेल, तर मी तेही सोसायला तयार होते. त्यांना ऐकू येत नसेल, तर त्या बहिरेपणापुढं रडायला तयार होते. तिसरी गोष्ट माझ्या मनात आली नव्हती.

पण ती खरी होती, आणि ती मला आकड्यांशिवायही ठाऊक होती. मी नळ आधी पूर्ण सोडला होता. दोन कपांना एवढं पाणी लागत नाही. पाठ वळवली होती. नाही म्हणाले असते, तर मी काही विचारलंच नव्हतं असं मला म्हणता यायला हवं होतं. मी नकार ऐकू येऊ नये अशी सगळी तयारी केली होती, आणि त्यांना होकार द्यायलाही जागा ठेवली नव्हती. मग तीन वर्षं त्यांच्यावर राग धरला होता, एका अशा प्रश्नाचं उत्तर न दिल्याबद्दल, जो त्या खोलीत कुणी विचारलाच नव्हता.

शबानानं पाण्याची बाटली माझ्यापुढं सरकवली. दार ढकलून मगदूमकाका आत डोकावले. मला पाहून त्यांनी आधी शबानाकडे बघितलं, मग दाराच्या फळीवर हात टेकला.

"पोरी, आज नको करू सही. पुढच्या महिन्यात कर."

"करते, काका. कुठला कान घालणार आहात?"

"पहिल्या वर्षीचा. म्हणजे काय, लोकांना पांचाळचा तो कान पाहिजे. जगात नाव होतं त्याचं."

"शेवटचाही घाला. दोन्ही. तरच सही."

"अगं, तो कोण लावून बसेल? पैसे देऊन बहिरं व्हायचं? शेवटच्या दोन वर्षांत तर त्यानं स्वतःच मला लिहून दिलं, माझा कान आता प्रमाण धरू नये म्हणून. मी तो कागद फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहून आणला त्यानं. असला हट्टी."

"ज्यांच्या घरी कुणी आहे, ते लावतील. पाच मिनिटं लावतील. पुरे आहे तेवढं."

मगदूमकाकांनी चष्मा काढून पुसला. "बरं बाई. बापाची अट परवडली," असं म्हणून ते बाहेर जाऊन बसले. दार त्यांनी नीट लावलं नाही, त्यांच्या हातून ते कधीच लागत नसे.

मी कागदावर अट लिहून सही केली. निघायला हवं होतं. पण खुर्चीतून उठवेना.

"शबाना, आणखी एक बघशील? तो पाचव्या वर्षीचा कान, तोच नळ. वाक्य किती मोठ्यानं म्हटलं असतं तर त्यांना शब्द कळले असते?"

"कशाला, ताई?"

"बघ ना."

तिनं एकेक डेसिबल वाढवत नेलं. मी ऐकत राहिले. पंचावन्नला ती बाई वाळूतून वर आली. सत्तावन्नला 'अप्पा' कळलं. अठ्ठावन्नला 'इथंच'. साठला सगळं वाक्य कळलं, काठ बोथटलेलं, पण अख्खं. ते म्हाताऱ्या माणसाला पुरेसं होतं. वीसपैकी एकोणीस आले.

साठ. शेवटच्या बाकावर बसून कंबर मोडली, हे मी त्यांना सांगितलं होतं तेवढा आवाज. ओरडायचं नव्हतं. जवळ जायचंही नव्हतं. एसटीची तक्रार केली त्याच आवाजात, दोन मिनिटांनी, ते एवढंच विचारायचं होतं.

"मीटर लावतेस?" मी म्हणाले.

शबानानं विचारलं नाही. ओट्यापासून अप्पांची खुर्ची होती तेवढ्या अंतरावर माइक उभा केला, आणि मीटरचा काटा मला दिसेल असा वळवला. मी तिच्याकडे पाठ केली नाही. घसा साफ केला.

"अप्पा, मी इथंच राहायला आले तर चालेल का?"

काटा साठावर जाऊन आला. शबाना काट्याकडेच पाहत राहिली.

अर्धवट लागलेल्या दारातून, बाहेरच्या खोलीतून मगदूमकाकांचा आवाज आला. "काय गं? कोण येतंय राहायला?"

"कुणी नाही, काका," मी म्हणाले.